एंजिनाखालील रबर

‘फाउंडेशन’ हा इंग्रजी शब्द आमच्या अहमदनगर जिल्ह्यांत दोन निरनिराळ्या धंद्यांत रूढ आहे. (जिल्ह्याचें नांव २०२४ पासून सरकारी दप्तरांत अहिल्यानगर असें झालें आहे, जुन्या घटनांच्या संदर्भांत आम्हीं जुनेंच नांव ठेविलें आहे.) गवंडी हा शब्द घराच्या पायास लावतो, आणि मोटारीचा मिस्त्री तोच शब्द एंजिनाखालच्या रबराच्या तुकड्यांस लावतो. गवंड्याचें फाउंडेशन तसूभर हललें तर घर धोक्यांत आलें. मिस्त्रीचें फाउंडेशन मुळींच हलेनासें झालें तर गाडी धोक्यांत आली. एकाच शब्दाचे असे परस्परविरुद्ध अर्थ कसे झाले, ह्याचा शोध घेऊं लागलें असतां यंत्रयुगाचा एक लहानसा पण बोधप्रद इतिहास हातीं लागतो. तो इतिहास धक्क्याचा आहे. यंत्र चालूं लागलें कीं धक्का उत्पन्न व्हावयाचाच, आणि उत्पन्न झालेला धक्का कोणीतरी सोसावाच लागतो. तो जमिनीनें सोसावा, लोखंडानें सोसावा, कीं मनुष्याच्या पाठीनें सोसावा, एवढाच प्रश्न उरतो. ह्या प्रश्नास निरनिराळ्या काळीं जीं उत्तरें मिळालीं त्यांपैकीं बहुतेकांच्या खुणा आमच्या जिल्ह्यांत आजहि दिसतात. त्या खुणांच्या मागोव्यानें जाऊन, जुन्या व्हॅनचें झिजलेलें रबर ओळखावें कसें व बदलावें कसें, येथवर वाचकांस आणावें असा आमचा विचार आहे.

पहिली खूण यंत्राची नसून तोफेची आहे. ‘मुलूख-मैदान’ ही प्रसिद्ध तोफ विजापुरास आहे हें सर्वांस ठाऊक असतें. पण ती ओतली गेली अहमदनगरास, १५४९ सालीं, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दींत, रूमीखानाच्या हातून, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत नसते. तिचें वजन सुमारें ५५ टन सांगतात. तोफेंतून गोळा पुढें जातो तेव्हां तोफ मागें रेटली जाते, हा सृष्टीचा नियम न्यूटननें सांगण्यापूर्वींहि गोलंदाजांस अनुभवानें माहीत होता. ह्या रेट्यास त्या काळीं एकच उत्तर होतें, तें म्हणजे वजन. तोफ जड करावी, खालचा गाडा किंवा चौथरा भक्कम करावा, आणि उरलेला धक्का जमिनीच्या स्वाधीन करावा. ह्याहून निराळें उत्तर मिळण्यास पुढें साडेतीनशें वर्षें लागलीं. १८९७ सालच्या फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटर तोफेंत नळी गाड्यावर घट्ट बांधलेली नव्हती. बार होतांच ती मागें सरके, तेल व दाबलेली हवा ह्यांच्या योगें आंवरली जाई, आणि पुन्हां आपल्या जागीं येई. गाडा मात्र जागचा हालत नसे. नगरच्या रणगाडा-संग्रहालयांत, जें १९९४ सालीं उघडलें, रांगेनें उभ्या असलेल्या रणगाड्यांच्या तोफा ह्याच तत्त्वावर चालणाऱ्या आहेत. धक्क्यास अडवूं नये, त्यास थोडी वाट द्यावी, आणि ती वाट आंवरून धरावी, हें तें तत्त्व होय. एंजिनाखालच्या रबरास हेंच करावयाचें असतें.

दुसरी खूण विहिरीवरची आहे. ज्या शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या मोटेनें पाणी काढलें, त्याच्या विहिरीवर विसाव्या शतकांत ऑइल-एंजिन आलें. हीं एंजिनें महाराष्ट्रांतच होऊं लागलीं. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचें व १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस निघालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचें नांव खेडोपाडीं गेलें. बहुधा एका सिलिंडरचें, जड चाकाचें असें हें यंत्र असे. त्यासाठीं आधीं खड्डा खणावा, दगड-विटांचें व सिमेंटाचें काम करावें, त्यांत लांब बोल्ट उभे पुरावे, आणि सिमेंट वाळल्यावर त्या बोल्टांवर एंजिन आवळून टाकावें, असा रिवाज होता. १९५० सालीं प्रवरा नदीच्या कांठीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हां तेथील अवजड चरक व एंजिनें ह्यांसहि असाच, पण शतपट मोठा पाया घालावा लागला. यंत्र म्हटलें कीं फाउंडेशन, आणि फाउंडेशन म्हटलें कीं दगड, ही सांगड जिल्ह्याच्या मनांत अशी पक्की झाली. पुढें मोटारीचें एंजिन आलें, त्याच्याहि खालीं कांहीं तरी असतें असें दिसलें, तेव्हां विहिरीवरचा शब्द मोटारीखालीं आपोआप गेला असावा, असा आमचा तर्क आहे.

परंतु विहिरीवरच्या एंजिनास जी पृथ्वी मिळते ती मोटारीच्या एंजिनास मिळत नाहीं. मोटारीचें एंजिन ज्या सांगाड्यावर बसतें त्याच सांगाड्यावर माणसेंहि बसतात. आरंभींच्या बहुतेक कारखानदारांनीं हा भेद लक्षांत न घेतां गवंड्याचाच मार्ग धरला, आणि एंजिन सांगाड्यास बोल्टांनीं आवळून टाकलें. तें आवळल्यानें सांगाड्यासहि बळकटी येते, हा त्यांत एक फायदा होता. पण एंजिनाची सारी थरथर गाडीच्या पत्र्यांतून, फळ्यांतून व आसनांतून माणसांच्या हाडांत शिरूं लागली. पृथ्वीनें सोसावयाचा धक्का प्रवाशांनीं सोसावा असें ठरलें, आणि तें कोणीं ठरविलें हें कोणास विचारण्याची सोय नव्हती. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर एस्‌.टी.ची पहिली गाडी धांवली, ती तीस आसनांची, लांकडी सांगाड्याची बेडफर्ड असून तिच्या आसनांत काथ्या भरलेला होता, असें सांगतात. काथ्याची गादी ही धक्क्यावरची प्रवाशाच्या बाजूची तोड झाली. एंजिनाच्या बाजूची खरी तोड त्यापूर्वीं सतरा वर्षें अमेरिकेंत निघालेली होती. ती काय, हें सांगण्यापूर्वीं एंजिन मुळांत हलतें कां, हें पाहिलें पाहिजे.

चार सिलिंडरांच्या साध्या एंजिनांत दोन दट्टे वर जातात तेव्हां दोन खालीं येतात. त्यावरून असें वाटतें कीं त्यांची फिटंफाट झाली. पण दट्ट्यास फिरत्या आंसाशीं जोडणारा दांडा तिरपा होत असल्यामुळें वर जाणाऱ्या व खालीं येणाऱ्या दट्ट्यांची गति नेमकी सारखी राहत नाहीं. आणि ही बारीकशी तफावत आंसाच्या प्रत्येक फेऱ्यांत दोनदां वरखालीं हिसका देते. शिवाय प्रत्येक फेऱ्यांत दोन स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोट गाडीच्या चाकांस पुढें ढकलतांना एंजिनास स्वतःभोंवतीं उलट बाजूस मुरडूं पाहतो. मिनिटास ७५० फेऱ्यांनीं संथ चालणारें एंजिनहि अशा रीतीनें सेकंदाला २५ वेळां थरथरतें. तीन सिलिंडरांच्या एंजिनांत वरखालीं होणारे हिसके एकमेकांस खाऊन टाकतात खरे. परंतु त्याचीं दोन टोकें पाळण्यासारखीं आळीपाळीनें उचलत राहतात, आणि मिनिटास ९०० फेरे धरले तर स्फोटांचे ठोके सेकंदाला बावीस-तेवीस पडतात. तात्पर्य, निरोगी एंजिनहि हलतेंच. न हलणारें एंजिन बंद पडलेलें असतें.

हा हलण्याचा स्वभाव मोडण्याचा एक उपाय इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर ह्या बुद्धिमान् यंत्रज्ञानें पहिल्या महायुद्धापूर्वींच सुचविला होता. एंजिनाच्या दुप्पट गतीनें फिरणारे दोन विषम वजनाचे आंस बसवावे व एक हिसका दुसऱ्यानें मारावा, अशी ती युक्ति होती. युक्ति बिनचूक, पण खर्चाची. दुसरा मार्ग अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९३१ सालीं आपल्या प्लिमथ गाडींत घेतला, आणि तो जगानें उचलला. एंजिनास हलूं द्यावें, पण तें आपल्याच गुरुत्वमध्याभोंवतीं हलावें, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनीं एंजिन दोनच ठिकाणीं रबरावर टेकविलें. एक टेकण पुढें उंचावर, पाण्याच्या पंपाजवळ. दुसरें मागें खालीं, गियरपेटीपाशीं. ह्या दोहोंस जोडणारी काल्पनिक रेषा एंजिनाच्या गुरुत्वमध्यांतून जात होती. बाजूस एक पोलादी पट्टी लावून एंजिनाचें फार मुरडणें आंवरलें. ‘तरंगती शक्ति’ असें त्यांनीं ह्या रचनेस नांव दिलें. चार सिलिंडरांच्या काटकसरींत आठ सिलिंडरांचा मऊपणा, अशी तिची जाहिरात होती. फ्रान्सच्या आंद्रे सित्रोएननें हिचे हक्क विकत घेतले, आणि १९३२ पासून आपल्या गाड्यांच्या पुढें पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाचें चिन्ह लाविलें. जड एंजिनास हंसाची उपमा देणें हें कवीसहि सुचलें नसतें. तें कारखानदारास सुचलें.

हें शक्य झालें तें रबरामुळें. झाडाचा चीक उन्हांत चिकट होतो व थंडींत तडकतो. त्यास गंधकाबरोबर तापविलें असतां तो टिकाऊ व लवचिक होतो, हें चार्ल्स गुडइयरला १८३९ सालीं सांपडलें. पण एंजिन पेलावयास नुसतें रबर पुरत नाहीं. तें पोलादी पट्ट्यांस असें चिकटलें पाहिजे कीं रबर फाटेल पण जोड सुटणार नाहीं. ही विद्या विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागांत कारखान्यांत स्थिर झाली. रबराचा आणखी एक गुण येथें कामास आला. सरळ दाबलें तर तें ताठ राहतें. आडवें सरकविलें तर मऊपणानें सरकतें. म्हणून तें तिरपें बसवून एंजिनाचें वजन दाबावर घेतां येतें व थरथर सरकण्यावर सोडतां येते. एकाच तुकड्याकडून ताठपणा व मऊपणा अशीं दोन कामें घेण्याची ही हिकमत आहे. पुढें १९८० नंतरच्या दशकांत कांहीं गाड्यांत रबराच्या पोटांत द्रव भरून मोठे हिसके वेगळे व बारीक थरथर वेगळी आंवरण्याची तजवीज झाली; पण मूळ कल्पना तीच राहिली.

आतां आपण नगरास परत येऊं. कारण ह्या विद्येचा महाराष्ट्रांतील प्रसार ज्या गाड्यांतून झाला त्यांच्या इतिहासांत नगरच्या एका कुटुंबाचा मोठा वांटा आहे. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील. १९४६ ते १९५२ पर्यंत ते मुंबई विधानसभेचे सभापति होते. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया हे स्वातंत्र्याच्या चळवळींतून यंत्रधंद्यांत आले. जर्मनींतील हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या सहकार्यानें १९५८ सालीं बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, तिच्या उभारणींत ते प्रमुख होते. ‘टेम्पो’ हें त्या जर्मन घराण्याच्या गाड्यांचें नांव. आरंभीं तीनचाकी हॅन्सिअट निघाली. १९६४ सालीं कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस गेला. १९६९ सालीं मॅटॅडोर ही चारचाकी आली. ह्या गाड्यांनीं मराठी भाषेस एक शब्द दिला. भाजीचा टेम्पो, लग्नाचा टेम्पो, दिंडीमागचा टेम्पो असें आपण बोलतों तेव्हां तें एका विशिष्ट कारखान्याचें नांव होतें हें आपल्या ध्यानींहि येत नाहीं. नवलमलांचे बंधु हस्तिमल फिरोदिया ह्यांच्या कायनेटिक कारखान्यानें १९७२ सालीं लूना आणली, ती तर नगरांतच तयार झाली.

मॅटॅडोरचें एंजिन चालकाच्या अगदीं शेजारीं, केबिनींतल्या झांकणाखालीं असे. एंजिनाची ऊब व थरथर ह्यांत चालकाचें आयुष्य जाई. १९८४ सालीं मारुतीची व्हॅन आली, तिला पुढें ओम्नी हें नांव मिळालें. तिचें ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें एंजिन तर पुढच्या आसनांच्या खालींच ठेविलेलें होतें. आसन उचललें कीं एंजिन दिसावें. योगायोग असा कीं, अमेरिकेंत ‘मिनिव्हॅन’ ही कुटुंबाची गाडी ज्या क्रायस्लर कंपनीनें १९८३ च्या अखेरीस लोकप्रिय केली, तिनेंच अर्धशतकापूर्वीं एंजिनास रबरावर तरंगविलें होतें. ओम्नीचें उत्पादन २०१९ सालीं थांबलें. पण आमच्या जिल्ह्यांत अजून ती शाळेचीं मुलें नेते, शिर्डीच्या भाविकांस नेते, रुग्णास तालुक्याच्या गांवीं पोंचविते, आणि बाजाराच्या दिवशीं कांद्याचीं पोतींहि वाहते. ज्या गाडींत एंजिन व मनुष्य ह्यांच्यामध्यें एक पत्रा व एक गादी एवढेंच अंतर आहे, त्या गाडींत मधल्या रबराची योग्यता काय, हें निराळें सांगावयास नको.

ह्याच शहराच्या सीमेवर वाहनांची परीक्षा शास्त्रोक्त रीतीनें करणारी एक मोठी सरकारी संस्थाहि आहे. रावळपिंडीजवळ चकलाला येथें १९२९ सालीं लष्करी वाहनांसाठीं सुरू झालेलें तपासणीचें कार्य फाळणीच्या वेळीं, १९४७ सालीं, नगरास आलें. त्यांतूनच पुढें वाहन संशोधन व विकास संस्था उभी राहिली. तिच्या आवारांत निरनिराळ्या प्रकारचे परीक्षामार्ग आहेत. तेथें जें काम उपकरणें करतात तेंच काम गांवांतला मिस्त्री हात, कान व डोळा ह्यांनीं करतो. एकीची विद्या अहवालांत नोंदली जाते. दुसऱ्याची त्याच्याबरोबर जाते. ह्या दुसऱ्या विद्येचा थोडासा भाग आम्हीं पुढें लिहून ठेवीत आहों.

आमच्या एका स्नेह्यांची व्हॅन सोळा वर्षांची झाली. गाडी उभी असतां व एंजिन संथ चालूं असतां चाकाचा सुकाणूं, आसन व मागचीं तावदानें थरथरूं लागलीं. गाडी निघतांना व थांबतांना खालीं ‘ठक्‌’ असा आवाज येऊं लागला. एका ठिकाणीं प्लग बदलले, दुसरीकडे इंधनाचा मार्ग साफ केला, तिसरीकडे चाकांचें वजन जुळविलें. पैसा गेला, थरथर राहिली. शेवटीं नगरच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनीं हत्याराला हात लावण्यापूर्वीं आसन उचललें, फिरत्या पट्ट्यांपासून दूर राहून एक हात एंजिनाच्या झांकणावर व दुसरा आसनाच्या चौकटीवर ठेविला, आणि कांहीं वेळ ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “सर, एंजिन हलायचं तेवढंच हलतंय. त्याला हलू द्या. पण ही चौकट कशाला हलतीय?” त्या एका प्रश्नांत निदान होतें. एंजिनाचा रोग व एंजिनाच्या आसनाचा रोग हे दोन रोग आहेत. पहिल्यांत एंजिनच वेडेंवांकडें हलतें, ठोका चुकवितें. दुसऱ्यांत एंजिन पूर्वींप्रमाणेंच चालतें, पण त्याचें हलणें मध्यें जिरत नाहीं.

रबर मरतें तें तीन कारणांनीं. एंजिनाच्या उष्णतेनें तें वर्षानुवर्षें कठीण होत जातें. हवेंतील ओझोननें त्यास भेगा पडतात. आणि गळणाऱ्या तेलानें तें फुगून लिबलिबीत होतें. कठीण झालेलें रबर थरथर जशीच्या तशी पुढें देतें. मऊ झालेलें किंवा फाटलेलें रबर एंजिनास खालीं बसूं देतें, आणि मग लोखंड लोखंडावर आपटूं लागतें. ‘ठक्‌’ हा आवाज त्याचा. इतक्यावर भागत नाहीं. एंजिन जागचें सरकलें कीं त्यास जोडलेल्या साऱ्या वस्तूंस ओढ बसते. धुराच्या नळीस चीर जाते, पाण्याच्या नळ्या घांसतात, गियरचा दांडा हिसके खातो, आणि शेजारचें जें रबर अद्याप चांगलें होतें त्यावर दुप्पट भार पडून तेंहि लौकर जातें. ज्यानें धक्का सोसावयाचा तो खचला कीं त्याचा वांटा इतरांस उचलावा लागतो.

निदानाची रीत अशी. प्रथम थरथर कशाच्या मागें लागते तें पाहावें. गाडी उभी असतां ती येते व एंजिनाचा वेग बदलला कीं तीहि बदलते, तर दोष एंजिनांत किंवा त्याच्या आसनांत आहे. गाडी ठराविक वेगानें जातांनाच ती येते, आणि मोकळ्या रस्त्यावर क्षणभर गियर काढून घेतल्यावरहि तशीच राहते, तर दोष टायर, चाकें किंवा मागें शक्ति नेणारा लांब दांडा ह्यांत शोधावा. पुढें एंजिनाचा ठोका ऐकावा; तो समान पडत असेल तर संशय रबरावर घ्यावा. मग एंजिन बंद करून विजेरीच्या प्रकाशांत प्रत्येक रबर पाहावें. भेगा आहेत काय, रबर पोलादापासून सुटलें आहे काय, त्यावर तेल आहे काय, आणि दोन लोखंडी भागांवर एकमेकांस घांसून चकाकी आली आहे काय, ह्या चार गोष्टी पाहावयाच्या. एंजिनाच्या वजनानें मिटलेली भेग नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून जॅकनें एंजिन अगदीं थोडें उचलावें किंवा पहारीनें हलकेंच रेटावें, म्हणजे भेग तोंड उघडते. शेवटची परीक्षा दोघांनीं करावी. एकानें हातब्रेक व पायब्रेक घट्ट धरून पहिला गियर टाकावा व क्लच किंचित् सोडून लगेच दाबावा. मग मागचा गियर टाकून तसेंच करावें. दुसऱ्यानें गाडीच्या पुढें किंवा मागें कधींहि उभें न राहतां बाजूनें पाहावें. एंजिन थोडें मुरडून परत आलें तर ठीक; तें उचललें जाऊन आपटलें, तर रबर गेलें असें समजावें.

स्नेह्यांच्या गाडींत झालें होतें तें असें. एंजिनाच्या वरच्या झांकणांतून तेल पाझरत होतें. तें डाव्या रबरावर ठिबकून तें रबर पार नासलें होतें. एंजिन त्या बाजूस कलल्यामुळें गियरपेटीखालचें रबरहि पोलादापासून सुटलें होतें. मिस्त्रींनीं प्रथम तेलाची गळती बंद केली. कारण गळती ठेवून नवें रबर बसविणें म्हणजे छपराचें भोंक तसेंच ठेवून खालची जमीन सारविणें होय. मग एंजिन थंड होऊं दिलें, बॅटरीची तार सोडविली, चाकांस अटकाव लाविला, आणि गाडी मजबूत घोड्यांवर टेकविली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं शिरूं नये, हा नियम त्यांनीं आपल्या शिकाऊ पोरास आमच्यादेखत दोनदां बजावला. एंजिन पेलण्यास जॅक लाविला तोहि थेट नव्हे. तेलाच्या तळाचा पत्रा पातळ असतो, म्हणून मध्यें रुंद लांकडी फळी घातली. वजन रबरावरून फळीवर येईल इतकेंच एंजिन उचललें, अधिक नाहीं; अधिक उचललें तर नळ्या व तारा ताणल्या जातात.

रबरें त्यांनीं एका वेळीं एकच काढलें, म्हणजे एंजिन जागेवरून भलतीकडे सरकत नाहीं. जुनें व नवें शेजारीं ठेविलें तेव्हां जुन्याची उंची बोटभर कमी झालेली दिसली. नवें रबर बसवितांना सर्व बोल्ट आधीं हातानें फिरवून चार-पांच आटे धरूं दिले; एकहि पूर्ण आवळला नाहीं. तिन्ही रबरें बदलून झाल्यावर एंजिन हळूच खालीं सोडलें, हातानें हलवून त्यास आपली बैठक घेऊं दिली, आणि मगच बोल्ट कारखान्यानें नेमून दिलेल्या जोरानें, मापाच्या पान्यानें आवळले. ह्या क्रमांत सारें मर्म आहे. आधींच आवळलेलें रबर मुरगळलेल्या स्थितींत अडकून राहतें, आणि तें नवें असूनहि थोड्याच दिवसांत फाटतें. तिन्ही रबरें एकदम बदलण्याचें कारणहि त्यांनीं सांगितलें, “दोन म्हातारे अन् एक तरणा जुंपला, तर तरणाच आधी मरतो.” खर्च एका नव्या टायरच्या किंमतीहून कमी आला.

पूर्वीं नवें रबर मिळत नसे किंवा परवडत नसे तेव्हां जुन्या टायरचे तुकडे कापून एंजिनाखालीं सारण्याची चाल होती, आणि ती अजून अगदींच गेलेली नाहीं. अडल्या वेळीं गाडी घरीं आणण्यास हा उपाय ठीक आहे. ज्यांनीं तो शोधला त्यांच्या चातुर्यास आम्ही हंसणार नाहीं. पण टायरचें रबर रस्त्याची झीज सोसण्यासाठीं घडविलेलें असून त्याच्या पोटांत दोऱ्यांचे किंवा तारांचे थर असतात. त्याच्या अंगीं एंजिन झुलविण्याचा मऊपणा नाहीं. गाडी चालते, ठकठक थांबते, आणि थरथर मात्र गुपचूप आसनांत जाते. गाडीच्या मालकास वाटतें धक्का गेला. तो गेलेला नसतो. तो चालकाच्या कमरेंत मुक्कामास गेलेला असतो.

येथेंच ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाचें गांभीर्य आहे. मालक गाडींत रोज बसतोच असें नाहीं, चालक बसतो. शाळेच्या व्हॅनमध्यें मुलें बसतात, रुग्णवाहिकेंत रुग्ण निजतो. ह्यांपैकीं कोणीहि एंजिनाखालच्या रबराचें नांव ऐकलेलें नसतें, आणि त्याच्या खर्चाचा निर्णयहि त्यांच्या हातीं नसतो. विहिरीवरच्या एंजिनाचा धक्का जमिनीनें तक्रार न करतां सोसला. मोटारीचा धक्का सोसणारीं माणसेंहि पुष्कळदां तक्रार करीत नाहींत, कारण आपण काय सोसतों आहों हेंच त्यांस कोणीं सांगितलेलें नसतें. आमच्या घरांतून गाडीचा विमा, रंग, गाद्यांच्या खोळी ह्यांची चर्चा होते. ‘फाउंडेशन कधीं पाहिलें?’ हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तो वर्षांतून एकदां तरी विचारावा, आणि शाळेस मुलें नेणाऱ्या व्हॅनवाल्यास तर तो आईबापांनीं अवश्य विचारावा. त्यास नवें रबर घालणें जड जात असेल, तर पालकांनीं आपसांत वर्गणी काढण्यासहि हरकत नाहीं. त्या थरथरीवर रोज बसणारीं मुलें त्यांचींच आहेत. जुन्या गाड्यांबरोबर त्यांचे जुने मिस्त्रीहि आतां थोडे राहिले आहेत. जे आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांची ही विद्या मराठींत उतरवून घेणारा एकादा तरुण यंत्रज्ञ आमच्या वाचकांत निघाला, तर त्यानें हें काम फार लांबणीवर टाकूं नये.